संतराम पद्मगिरी पाहून आला

वसमतच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, हळदीच्या हंगामात गेलात, तर संतराम सापडायला वेळ लागणार नाही. पोत्यांच्या थप्पीपाशी चारजण हुज्जत घालत असतील आणि पाचवा कुणाशी न बोलता पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून बसला असेल, तर तो पाचवा संतराम. बोटं कायमची पिवळी. कानावर एक बिडी, जी तो पेटवत नाही. डॉक्टरनं बंद करून कितीतरी वर्षं झाली, पण कान मोकळा राहिला की म्हणे त्याला करमत नाही. डोक्यावरच्या टोपीचा मूळ रंग कोणता होता, हे त्याच्या बायकोला, द्वारकाबाईलाही आता सांगता यायचं नाही.

त्याचं काम म्हणजे अडत दुकानात आलेली हळद पारखायची. शेतकरी पोतं उघडतो तेव्हा तोंडाशी जाड, चकचकीत हळकुंडं असतात. संतराम त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. ती मालकानं निवडून वर ठेवलेली, ती बघून काय करायचं? तो हात तळापर्यंत नेतो, तिथलं एक हळकुंड काढतो, कानाजवळ धरून मोडतो, आतला रंग बघतो आणि जे काय असेल ते सगळ्यांदेखत बोलून टाकतो. त्यामुळं शेतकऱ्यांना वाटतं हा व्यापाऱ्यांचा माणूस, आणि व्यापाऱ्यांना वाटतं शेतकऱ्यांचा. "कुणाचाच न्हाई, हेकट हाय," असं द्वारकाबाईचं मत, आणि ते मोंढ्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त अनुभवाचं आहे.

मूळचा तो शिरड शहापूरचा. जमीन थोडकी, भाऊ जास्त, म्हणून तरणा असतानाच वसमतला आला आणि पोती वाहू लागला. पुढं पाठ गेली. पाठ गेलेल्या हमालाला मोंढ्यात कोण विचारतो? पण पोती वाहता वाहता ह्याचं नाक आणि कान तयार झाले होते, हे एका म्हाताऱ्या अडत्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं त्याला गादीजवळ बसवून घेतलं. तेव्हापासून तो बसूनच आहे.

लग्नानंतर पुष्कळ वर्षं घरात लेकरू नव्हतं. नवस करून करून दोघंही थकली, आणि थकल्यावर मुलगी झाली. द्वारकाबाईनं हौसेनं नाव ठेवलं राजनंदिनी. एवढं मोठं नाव संतरामच्या तोंडात कुठलं मावायला? त्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नंदी केलं. नंदी म्हणजे बैल, पोरीला काय बैल म्हणता, म्हणून द्वारकाबाई भांडली. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

नंदी शाळेत हुशार निघाली, कॉलेजात त्याहून हुशार. नांदेडला एमेस्सीला गेली तेव्हा दर शनिवारी घरी यायची आणि आठवडाभर जे शिकली ते बापाला जेवताना सांगायची. मातीतल्या बुरशीबद्दल सांगायची. सगळी बुरशी वाईट नसते, काही बुरशी झाडाच्या मुळांना चिकटून राहते आणि जिथवर मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी त्यांना आणून देते. संतराम भाकरी हातात तशीच धरून ऐकायचा. आणि सोमवारी मोंढ्यात, जणू आपणच शोध लावल्यासारखा, चहावाल्याला ते सगळं सांगायचा. "बुरशी काय म्हणतो? बुरशीचे उपकार हायत तुझ्यावर!" चहावाल्याला वाटे, ह्याला आता कपात काय दिसलं?

खरं सांगायचं तर संतराम आयुष्यभर माणसांत राहिला, पण गप्पा मारल्या फक्त ह्या एका मुलीशी. द्वारकाबाईशी बोलायला गेलं की दुसऱ्याच वाक्याला भांडण लागायचं. मोंढ्यात तर तो तोंड उघडायचा ते हळदीपुरतं. शनिवार आला की मात्र तो घरी लवकर यायचा, पाय धुऊन उंबऱ्याशी बसायचा आणि बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडं बघत राहायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, वारा खाऊन राहिलो.

अशा घरात एका रात्री जेवताना नंदी म्हणाली, "आबा, माझी निवड झाली. पीएचडीला. हैदराबादच्या पलीकडं पद्मगिरी विद्यापीठ हाय, तिथं."

संतरामनं हात भाकरीवरच ठेवला. "सरकारी ना?"

"न्हाई आबा. खाजगी हाय. पण संशोधनाचं लई मोठं विद्यापीठ हाय."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मोंढ्यात खाजगी हा शब्द शिवीसारखाच वापरतात. व्यापारी रस्त्यात गाठून किंवा शेतकऱ्याच्या दारात जाऊन माल उचलतो, ती खाजगी खरेदी. लिलावाची हर्राशी पुकारली जात नाही, कुणी बोली लावत नाही, बघायला चार माणसं नसतात. काटाही त्याचा, भावही त्याचाच. संतरामनं आयुष्यभर ज्या एका गोष्टीला तोंड वाकडं केलं, ती ही. आणि आता पोरगी म्हणत होती, मी खाजगीत चालले.

"खाजगीत काहून?" तो म्हणाला. "चार लोकांत बोली लागली पायजे. खाजगीत झाकापाकी असती."

नंदी हसली. तिनं समजावून सांगितलं. खाजगी म्हणजे सरकारनं काढलेलं नाही एवढंच. पैसे भरायचे नाहीत, उलट दरमहा तेच देणार. दरवर्षी दिल्लीहून देशातल्या विद्यापीठांचे नंबर लागतात, त्यात ह्याचा नंबर फार वरचा असतो. तिथल्या लोकांचे शोधनिबंध जगभर छापून येतात.

"नंबर कोण देतं?"

"कमिटी येती, आबा. सगळं तपासती."

"येणार म्हणून आधी कळवून येती का न कळवता?"

"कळवून येती."

"मग पोत्याच्या तोंडाला चांगला माल लावून ठेवत असतील."

"आबा! दुसऱ्या देशांतले शास्त्रज्ञ यांच्या लेखांचा दाखला देतात. जितके जास्त दाखले तितकं नाव मोठं."

"म्हंजी ह्यानं त्याला चांगलं म्हणायचं, त्यानं ह्याला."

द्वारकाबाईनं ताटली आपटली. "पोरीनं एवढं डोकं लावून नंबर काढला, अन् तुमी वकिली करून राहिले!"

दुसऱ्या दिवशी गल्लीतले विष्णुपंत स्वतःहून आले. विष्णुपंत एका कॉलेजात हेडक्लार्क होते. निवृत्त झाले, पण गल्लीतल्या प्रत्येक पोरानं कुठं शिकावं हे अजून तेच ठरवतात. ते खुर्चीत बसले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "संतराम, अहो, फार प्रतिष्ठेची संस्था आहे ती. श्रेणी बघा, मानांकन बघा. अशा ठिकाणी आपल्या भागातलं मूल जायचं म्हणजे साधी गोष्ट नाही."

"पंत, तुमी पाहून आलात का?"

"पाहून कशाला यायला पाहिजे? सगळं छापलेलं आहे."

"छापलेलं तर खताच्या गोणीवर बी असतं," संतराम म्हणाला. विष्णुपंतांनी चहा अर्धवट ठेवला. तेवढं मात्र त्यांना लागलं.

खरं कारण संतरामच्या पोटात वेगळंच होतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. नांदेड म्हणजे बसनं तासा-दीड तासाचं काम. पद्मगिरीहून कोण दर शनिवारी येणार? पाच वर्षं तिथं जायची, आणि पाच वर्षांनी तिथलं माणूस वसमतला कशाला येईल? नंबर, मानांकन, दिल्लीची कमिटी, हे सगळं त्याला कुठं ना कुठं चुकीचं ठरवायचं होतं. ते चुकीचं ठरलं असतं, तर त्याला आपल्या मनाबद्दल काहीच बोलावं लागलं नसतं.

आठवडाभर घरात हाच विषय चालला. शेवटी नंदीच म्हणाली, "आबा, तुमी जाऊन पाहून या. तुमच्या पद्धतीनं पाहा. तुमी चांगलं म्हणलं तर मी जाते. न्हाई म्हणलं तर न्हाई जात."

द्वारकाबाई तिला आत घेऊन गेली. पण दोन खोल्यांच्या घरात आत जाऊन बोललं तरी बाहेर ऐकू येतंच. "अगं बये, त्यांच्या हातात काहून दिलंस? त्यांना तुला सोडायचंच न्हाई!"

"आबा खोटं बोलणार न्हाईत," नंदी म्हणाली.

बाहेर संतरामनं कानावरची बिडी काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत कानावर ठेवली. पोरीनं त्याला बरोबर अडकवलं होतं.

विद्यापीठानं पालकांना बघायला यायचा एक दिवस ठरवून दिला होता. संतराम त्या दिवशी गेला नाही. निवडून मांडलेला माल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? त्याच्या नंतरच्या आठवड्यात, एका साध्या मंगळवारी पोचायचं असं धरून, तो पूर्णा जंक्शनहून गाडीत बसला. द्वारकाबाईनं शेंगाची चटणी आणि धपाटे बांधून दिले. नंदीनं त्याच्या शर्टाची तुटलेली गुंडी लावून दिली.

पद्मगिरी म्हणजे मोठमोठे काळे खडक असलेला माळ, आणि त्या खडकांमधून उठलेल्या इमारती. फाटकावरच हा एवढा फलक, त्यावर विद्यापीठाचे नंबर आणि बक्षिसं मोठ्या अक्षरांत लिहिलेली. संतराम त्या फलकाकडं पाठ करून उभा राहिला.

फाटकावर पहारेकरी होता. "किससे मिलना है, चाचा?"

"किसी से नहीं. देखने को आया."

"क्या देखने को?"

"कैसा है वो. मेरी बेटी आनेवाली है. आनेवाली है या नहीं, वो देखने के बाद बोलूंगा."

पहारेकऱ्यानं त्याला नीट न्याहाळलं. "कहाँ से आए?"

"वसमत से."

"अरे, मी नांदेडचा!" पहारेकरी एकदम मराठीत आला. त्याचं नाव रामसिंग. त्यानं संतरामच्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं आणि मोठ्या इमारतीकडं बोट केलं. "तिकडं जा, तिथं सगळी माहिती मिळती."

"मागचा दरवाजा कुठंय?" संतरामनं विचारलं.

त्यानं दिवसभर मागची बाजूच पाहिली. मुलींच्या वसतिगृहाच्या मागं कपडे वाळत घालायची जागा पाहिली. खानावळीच्या मागं भांडी घासायची मोरी पाहिली. प्रयोगशाळेच्या मागं फुटक्या काचेच्या नळ्या ज्यात टाकतात ते पिंप पाहिलं, आणि त्यात वाकून बघताना एका माळ्यानं हटकलं ते वेगळंच. तो दोष शोधत होता. इतकी वर्षं त्यानं माल तपासला होता, पण माल खराब निघावा अशी इच्छा मनात धरून तो ह्याआधी कधी वाकला नव्हता.

आणि दोष सापडले की! पाणी खारट होतं. दुपारी पाहुणा म्हणून ताट मिळालं, तर भाजीत चिंच एवढी की डोळे मिटावेत. जिकडं तिकडं कुत्री. वसतिगृहाच्या बाहेरचा नळ गळत होता आणि कुणाचं लक्ष नव्हतं. संतरामनं प्रत्येक दोष मनात नीट गाठ मारून ठेवला.

मोरीवर भांडी घासणारी बाई देगलूरकडची निघाली, आशाबाई. तिच्याशी बोलताना तर त्याला मोठाच माल हाताला लागला. "पोरी रडतात का हितं?" त्यानं विचारलं.

"रडतात तर! पयल्या साली समद्याच रडतात."

संतरामचा चेहरा उजळला, हे सांगायला वाईट वाटतं, पण उजळला. "मग?"

"मग काय? रडत रडत कामाला जातात. घरी पळून गेलेली एकच म्हाईत हाय मला. ती बी आठ दिसांनी परत आली." तिनं हात धुतले. "ऊन लई हाय, दादा. समोर ती मोठी खोली हाय ना, तिच्यात पंखे हायत. तिथं बसा."

"तिथं काय चाललंय?"

"भाषण. दर मंगळवारी असतं. बसा मागं, कुणी काय म्हणत न्हाई. मी बी बसते कदी कदी."

खोलीला पायऱ्यापायऱ्यांची बाकं होती. दारं सताड उघडी. संतराम सगळ्यात मागच्या बाकावर टोकाला बसला. समोर पांढऱ्या दाढीचे एक सर फळ्यावर काहीतरी लिहून सांगत होते, बाजूला पडद्यावर झाडाच्या मुळांची चित्रं. संतरामला मुळं कळली, बाकी सगळं इंग्रजीत वरून गेलं. पंख्याखाली त्याचे डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात त्याच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बारकी, सावळी, नंदीच्याच अंगाची. उभी राहताना तिची एक चप्पल पायातून सुटली, ती तिनं परत घातलीसुद्धा नाही. तिनं पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि तिचे गुडघे थरथरत होते. ते फक्त संतरामलाच दिसत होतं, कारण तो शेजारी बसला होता. तिनं काहीतरी विचारलं. आवाज इतका बारीक की सरांनी हात कानाशी नेला. तिनं परत विचारलं.

सर काहीतरी म्हणाले. ती खाली बसेल असं संतरामला वाटलं. ती बसली नाही. मान हलवून आणखी काहीतरी बोलली. दुसऱ्या बाजूनं एक मुलगा बोलला, मग आणखी एकजण बोलला, मग सरच जरा जोरात बोलले. मुलगी उभीच. संतराम आता ताठ बसला होता. शब्द एक कळत नव्हता, पण हे काय चाललंय ते न कळायला तो काय मोंढ्यात नवीन होता? कुणी माल मांडला होता आणि सगळ्यांसमोर दुसऱ्यानं त्यात हात घातला होता.

सर फळ्याकडं वळले. बराच वेळ आपण लिहिलेलं बघत राहिले. मग त्यांनी पुसणं उचललं आणि मधली एक ओळ पुसून टाकली. वळून त्या मुलीकडं बघत काहीतरी बोलले, आणि सगळी खोली हसली. ती मुलगीही हसली आणि धपकन खाली बसली. बसल्यावर तिनं पायानं चप्पल चाचपली. संतरामनं ती आपल्या पायानं हळूच तिच्याकडं सरकवली.

बाहेर चहा होता. तेच सर त्या मुलीच्या मागं रांगेत उभे होते. पुढं घुसले नाहीत, आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नव्हतं. संतराम एका खडकावर जाऊन बसला आणि त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. माल चोख होता. एवढा चोख की त्याला रडू यायला लागलं.

परतीच्या गाडीत त्यानं ठरवलं, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. पाणी खारट आहे, हे खरं आहे. भाजी आंबट आहे, हेही खरं. तेवढं सांगायचं.

घरी पोचला तेव्हा दोघी दारातच होत्या. पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, तो घोट घेत राहिला. शेवटी द्वारकाबाईच म्हणाली, "मग? कसं हाय?"

"पाणी खारट हाय," संतराम म्हणाला.

"अन्?"

"भाजीत चिंच घालतात. तोंड आंबतं. कुत्री लई हायत."

"वसमतला काय हत्ती हायत?"

"एक नळ गळून राहिला, कुणाला त्याचं ध्यान न्हाई. अन् पोरी रडतात. तिथं आशाबाई म्हणून हाय, तिनंच सांगितलं. समद्या रडतात."

द्वारकाबाई काही बोलणार होती, पण नंदीनं तिच्या हातावर हात ठेवला. नंदी बापाकडं बघत नव्हती, त्याच्या कपाकडं बघत होती. "बरं, आबा," ती म्हणाली. "मी येत न्हाई म्हणून कळवते त्यांना." उठली, कोपऱ्यातली त्याची पिशवी घेतली आणि त्यातले मळके कपडे काढून धुवायला बाजूला ठेवू लागली.

हवं होतं ते संतरामला मिळालं होतं, तेही एक खोटा शब्द न बोलता. मोंढ्यात अशी माणसं तो रोज बघत होता. हळदीत खडा आहे म्हणायचं, माती आहे म्हणायचं, दोन हळकुंडं तुटकी आहेत म्हणायचं. सगळं खरंच असतं, पण भाव पाडून मागायचा म्हणून मुद्दाम खोट काढलेली असते. अशा माणसांच्या शेजारी बसून त्यानं कधी चहा घेतला नव्हता. आज तो स्वतःच्याच पोरीसमोर तसा बसला होता, आणि ती त्याचा शर्ट झटकत होती.

"नंदे, ते राहू दे. बस हितं."

ती बसली.

"मी खोट काढून राहिलो," तो म्हणाला. "माल चोख हाय. आतून बी चोख हाय. मी समदं मागून पाहिलं."

"मग कुत्र्याचं अन् चिंचेचं काहून सांगून राहिले मगापासून?" द्वारकाबाई ओरडली.

संतराम तिच्याकडं न बघता पोरीशीच बोलला. "तू गेल्यावर मी कुणाशी बोलू? तुझ्या आईशी मला बोलता येत न्हाई. म्हंजी येतं, पण भांडणच व्हतं. तू आलीस की घरात आवाज असतो. मला तू घरात पायजे होतीस, माय. बस, एवढंच हाय. त्या विद्यापीठाची काही चूक न्हाई."

नंदीचा चेहरा वेडावाकडा झाला. लहानपणी रडू आवरताना व्हायचा तसाच. "आबा," ती म्हणाली, "मला वाटलं तुमी न्हाईच म्हणाल. म्हणून तर मी तुमच्यावर सोपवलं. मलाच भेव वाटून राहिलं. तिथं समदे मोठ्या शहरांतले असतील, फाडफाड इंग्रजी बोलणारे. माझ्या तोंडातून तिथं शब्द फुटायचा न्हाई. तुमी न्हाई म्हणलात की मला म्हणता येईल, आबांनी जाऊ दिलं न्हाई."

संतराम तिच्याकडं बघतच राहिला. म्हणजे एक नाही म्हटलं असतं तर दोघंही सुटली असती! आणि त्यानं आत्ताच, आपल्याच तोंडानं, ते दार लावून टाकलं होतं.

"ऐक," तो म्हणाला. मग त्यानं तिला त्या मुलीचं सांगितलं. सुटलेली चप्पल, धरलेलं बाक, पांढऱ्या दाढीच्या सरांनी पुसलेली ओळ. "तिचे गुडघे कापत होते, नंदे. मी शेजारीच होतो, मला दिसत होते. आवाज तर शेळीच्या पिलाएवढा. पण तिनं विचारलं. एकदा न्हाई, तीनदा."

"ती बराबर होती का?"

"मला काय म्हाईत? त्यांनी फळा पुसला, एवढं मला कळलं." तो थांबला. पुढचं बोलायला त्याला जड जात होतं. "अन् हितं काय झालं? मी पाणी खारट म्हणलो, अन् तू 'बरं आबा' म्हणून कपडे काढायला उठलीस. एक सवाल न्हाई केलास. एवढी शिकलीस तू, अन् मला एक सवाल न्हाई केलास. तिथं ती पोरगी मास्तराला भिऊन बी विचारती, अन् हितं तू माझ्या एका शब्दावर उठलीस. ते मला लई लागलं."

नंदीनं डोळे पुसले, नाक पुसलं. मांडीवरचा शर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि बापाच्या डोळ्यांत बघितलं.

"मग आता विचारू?"

"विचार."

"मी तिकडं गेले, अन् तिथून आणखी लांब गेले, अन् परत आलेच न्हाई, तर?"

द्वारकाबाईचा हात कपावर थांबला. आठवडाभर ह्या घरात नंबरावर, मानांकनावर, चिंचेवर बोलणं झालं होतं, ते सगळं हा एक सवाल कुणी करू नये म्हणून. संतरामनं बिडीसाठी कानाकडं हात नेला आणि तसाच खाली आणला.

"न्हाई आलीस, तर मी येईन," तो म्हणाला. "रस्ता पाहिला की मी आता."

"एकटे काहून जाता?" द्वारकाबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा भांडकुदळ निघायला हवा होता, तसा निघाला नाही. "मला बी न्या."